एक उदास चित्रपट आणि आंबवड्याचे प्रेक्षक

नाटक किंवा चित्रपट संपल्यावर घरीं जातांना प्रेक्षक आपसांत जें बोलतात, तें टीकाकारानें एकदां तरी कान देऊन ऐकावें, असें आमचें मत आहे. छापील परीक्षणांत मत बेतून व सजवून मांडलेलें असतें. वाटेवरच्या बोलण्यांत तें जसें उमटलें तसेंच बाहेर पडतें. त्यांत चूक असेल, अर्धवटपणा असेल, क्वचित् रागहि असेल. परंतु कलाकृतीनें माणसाला नेमकें कोठें दुखविलें हें त्यावरून जितकें कळतें, तितकें विद्वत्तापूर्ण लेखांवरून कळत नाहीं. असा एक प्रसंग गेल्या दिवाळींत आम्हांस भोर तालुक्यांतील आंबवडे येथें लाभला, आणि त्यावरून जे विचार मनांत आले ते वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आंबवडे हें नागेश्वराचें जुनें देऊळ व ओढ्यावरचा झुलता पूल यांसाठीं पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. भोंवतीं भाताचीं खाचरें, मागें डोंगर. दिवाळीच्या सुमारास कापणीची गडबड असते व संध्याकाळीं सातनंतर गांव शांत होतो. आम्ही ज्या घरीं उतरलों होतों तेथें कॉलेजांत शिकणाऱ्या एका भाच्यानें लहानसा प्रोजेक्टर आणला होता. माजघराच्या नुकत्याच रंगविलेल्या भिंतीवर त्यानें एक अमेरिकन चित्रपट दाखविला. प्रेक्षक चौदा-पंधरा होते: घरच्या काकू, पुण्याहून आलेले इंजिनियर जांवई, दोन-तीन कॉलेजचीं मुलें, शेजारची मंडळी, आणि पोलिसखात्यांतून निवृत्त झालेले एक वृद्ध हवालदार, ज्यांना सारा गांव आबा म्हणतो. इंग्रजी बोलणें वडील मंडळींना उलगडून सांगण्याचें काम घरच्या एका मुलीकडे होतें, आणि तें तिनें फार समजुतीनें केलें.

चित्रपटाचें नांव ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’. कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या २००५ सालच्या कादंबरीवरून जोएल व ईथन कोएन या बंधूंनीं तो २००७ मध्यें काढला. पुढच्या वर्षीं त्यास उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, आधारित पटकथा आणि दुय्यम भूमिका अशीं चार ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. नांव येट्स या आयरिश कवीच्या एका कवितेवरून घेतलेलें आहे. वृद्धांना आपलासा वाटेल असा हा मुलूख उरलेला नाहीं, असा त्याचा भाव. घोडे, बंदुका, उजाड माळ आणि शेरीफ हें जें अमेरिकन ‘वेस्टर्न’ चित्रपटांचें ठरीव साहित्य, तें सारें येथें आहे. परंतु काळ १९८० चा आहे, घोड्यांच्या जागीं बहुतेक मोटारी आल्या आहेत, आणि सज्जनाचा अखेर जय व्हावा ही त्या जातीच्या कथेची मुख्य अट मात्र पार मोडून टाकलेली आहे.

कथानक थोडक्यांत असें. टेक्सासच्या पश्चिम भागांत मॉस नांवाचा एक साधा कारागीर शिकारीला गेला असतां त्याला माळावर प्रेतें पडलेलीं दिसतात. अफूसारख्या निषिद्ध मालाच्या व्यवहारांत दोन टोळ्यांनीं एकमेकांस गोळ्या घातलेल्या असतात. एक जण अजून जिवंत असतो व तो पाणी मागतो. मॉसजवळ पाणी नसतें. तो पुढें जातो, पैशांनीं भरलेली पेटी शोधून काढतो व घरीं आणतो. रात्रीं त्याला झोंप येत नाहीं. आपण मूर्खपणा करीत आहों हें उमजत असूनहि तो पाण्याचें भांडें घेऊन परत त्या जागीं जातो. तेथें तो माणूस मेलेला असतो, आणि मॉस मारेकऱ्यांच्या दृष्टीस पडतो. येथून पाठलाग सुरू होतो. पाठलाग करणाऱ्यांत अँटन शिगुर नांवाचा एक मनुष्य आहे. गुरें मारण्यासाठीं कत्तलखान्यांत वापरतात तें हवेच्या दाबावर चालणारें हत्यार घेऊन तो हिंडतो, आणि लहर लागली तर समोरच्या माणसाचा जीव नाणें उडवून ठरवितो. या सर्वांच्या मागें, नेहमीं एक पाऊल उशिरानें, वृद्ध शेरीफ बेल येत असतो. मॉस शेवटीं मारला जातो, पण तो पडद्यावर नव्हे. बेल पोंचतो तेव्हां सर्व होऊन गेलेलें असतें. शिगुर सांपडत नाहीं. बेल नोकरी सोडतो, आणि एका सकाळीं स्वयंपाकघरांत बसून बायकोला आपलीं दोन स्वप्नें सांगतो. तेथें चित्रपट संपतो.

भिंत काळी झाली तेव्हां माजघरांत कोणी कांहीं बोलेना. मग जांवईबापू म्हणाले, “एवढाच? पुढची फाईल राहिली कीं काय?” त्याआधींहि दोनदां त्यांनीं ध्वनिक्षेपक तपासून पाहिला होता, कारण या चित्रपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ नाहींच, वाऱ्याचा आवाज, बुटांचा आवाज, कुलुपाचा आवाज, एवढेंच ऐकूं येतें. मुलें मात्र खूष होतीं. शिगुरचें थंड बोलणें, त्याची चाल आणि विशेषतः त्याचें नाणें यांची त्यांच्यावर छाप पडली होती. काकू मध्यें उठून गेल्या होत्या व परत येऊन दारांतच उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मरणाऱ्याला पाणी द्यायला गेला म्हणून त्याच्यामागें मरण लागलें. असला कसला सिनेमा? मुलांनीं काय शिकायचें यांतून?” आबा कांहींच बोलले नाहींत. त्यांनीं टोपी घातली आणि ते घरीं गेले.

शेवट नाहीं, खलपुरुष भारी आहे, आणि दयेची थट्टा केली आहे, असे तीन अभिप्राय येथें मिळाले. हे केवळ आंबवड्याचे नव्हेत. चित्रपट प्रथम दाखविला गेला तेव्हां अमेरिकेंतहि पुष्कळ प्रेक्षक शेवटावर चिडले होते, आणि शिगुरचें कौतुक तर जगभर झालें. म्हणून या तिन्हींचा विचार करणें अवश्य आहे. प्रामाणिकपणें सांगावयाचें तर त्या रात्रीं आम्हीहि जांवईबापूंच्याच पक्षाचे होतों.

पहिला आक्षेप शेवटाचा. प्रेक्षकाला शेवट हवा असतो ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. दोन तास आपण एका माणसाच्या बरोबरीनें धांवलों, लपलों, श्वास रोखून बसलों. त्याचें काय झालें हें आपल्या डोळ्यांनीं पाहण्याचा हक्क आपणांस आहे असें वाटणें स्वाभाविक आहे. ‘शोले’चें उदाहरण घ्या. तोहि वेस्टर्न चित्रपटांच्या घाटावर बेतलेला. १५ ऑगस्ट १९७५ रोजीं तो प्रदर्शित झाला. मूळच्या शेवटांत ठाकूर गब्बरला स्वतःच्या पायांनीं ठार करतो. पण तो आणीबाणीचा काळ होता. सेन्सॉरच्या आग्रहामुळें ऐन वेळीं पोलीस येतात व गब्बरला कायद्याच्या हवालीं केलें जातें असा बदल करावा लागला. आमच्या कित्येक पिढ्यांनीं पाहिलेला शेवट हा असा सरकारनें दुरुस्त केलेला शेवट होता. लक्षांत घेण्यासारखें हें, कीं दोन्ही शेवटांत एक गोष्ट समान आहे: हिशेब चुकता होतो. तो ठाकुरानें करावा कीं सरकारनें, एवढाच वाद. हिशेब चुकताच होत नाहीं असा शेवट ना लेखकांना सुचला, ना सेन्सॉरला.

आमच्या जुन्या नाट्यशास्त्राची येथें आठवण होते. भरतापासून आलेला दंडक असा, कीं रंगभूमीवर मरण दाखवूं नये; तें पडद्याआड घडावें व त्याची वार्ता पात्रांच्या तोंडून कळावी. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखा अपवाद विरळा. मॉसचें मरण कोएन बंधूंनीं पडद्याआड ठेविलें तेव्हां त्यांच्या गांवींहि भरतमुनि नसणार. पण कृति तीच झाली. फरक हेतूंत आहे. संस्कृत नाटककार मरण झांकतो तें रसभंग होऊं नये म्हणून. कोएन बंधूंनीं तें झांकलें तें रसभंग व्हावा म्हणून. नायकाचें मरण म्हणजे एक भव्य प्रसंग, त्यांत त्याला अखेरचें वाक्य बोलतां येतें, आपल्याला रडतां येतें, आणि रडून झाल्यावर मन हलकें होतें, ही जी आपली समजूत, तिच्यावरच त्यांनीं घाव घातला आहे. ‘एकच प्याला’ पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक डोळे पुसतो. परंतु तो कोठेंतरी शांतहि झालेला असतो. करुणरसापासून आनंद कां होतो, या प्रश्नावर आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. न. चिं. केळकरांनीं त्यावर ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ति मांडली: रसिक दुसऱ्याच्या भूमिकेशीं एकरूप होतो, पण स्वतःचें भान हरपत नाहीं, आणि या दुहेरी अवस्थेंतच त्याचा आनंद असतो. येथें मात्र ज्याच्या भूमिकेशीं आपण एकरूप झालों तोच न सांगतां काढून घेतला जातो, आणि आपण रिकाम्या हातांनीं मागें उरतों.

तें कां, याचें उत्तर आम्हांस दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिळालें. आम्ही पुलाकडे फिरावयास गेलों होतों. तेथें आबा भेटले. बराच वेळ ते भाताविषयीं व यंदाच्या पावसाविषयीं बोलले. मग आपण होऊनच म्हणाले, “तो म्हातारा शेरीफ खरा दाखवलाय. आम्ही पोंचायचों तेव्हां सगळें होऊन गेलेलें असायचें. माणूस पडलेला, बाया रडतायत, आणि आम्ही पंचनामा करतोय. सिनेमांत पोलीस शेवटाला येतात म्हणून लोक हंसतात. पण आम्ही खरोखरच शेवटालाच येतों.”

या एका वाक्यानें चित्रपटाची रचना आमच्यापुढें उघडी झाली. ही गोष्ट मॉसची आहे अशी आपली समजूत करून दिलेली असते; वास्तविक ती बेलची आहे. पहिल्या दृश्यांत उजाड माळावर ऐकूं येतो तो आवाज बेलचा, आणि शेवटचें बोलणेंहि त्याचेंच. मॉस मरतो तेव्हां आपण बेलच्या मोटारींत आहों, म्हणून आपल्यालाहि उशीर होतो. मरण न दाखविणें ही लहर नव्हे. तो ज्याच्या डोळ्यांनीं कथा पाहावयाची त्याच्याशीं ठेवलेला इमान आहे. शेवट नाहीं असें नाहीं. शेवट आहे, तो आपल्या आधीं होऊन गेला आहे. आयुष्यांत बहुतेक वाईट बातम्या आपल्याला अशाच कळतात.

दुसरा अभिप्राय मुलांचा. आणि तो आम्हांस पहिल्यापेक्षां अधिक चिंतेचा वाटला. त्या सकाळीं अंगणांत दोन मुलें नाणें उडवून “बोल, काय?” असें शिगुरच्या आवाजांत एकमेकांना विचारीत होतीं. खेळच तो, त्यावरून त्यांचें शील बिघडलें असें म्हणण्याइतके आम्ही कर्मठ नाहीं. तथापि शिगुरच्या भूमिकेंत हाविएर बार्देम या नटानें जी जरब आणली आहे ती इतकी परिणामकारक आहे, कीं तिच्या प्रकाशांत त्या मनुष्याचें म्हणणें खोटें आहे हें सहज दिसत नाहीं. पेट्रोलच्या दुकानांतला तो वृद्ध मालक, त्याच्या समोर ठेवलेलें नाणें, आणि आपण कशावर पण लावला आहे हें ठाऊक नसतांना त्यानें उच्चारलेला एक शब्द, हा प्रवेश चित्रपटांतला सर्वांत घट्ट विणलेला प्रवेश आहे. त्यांत रक्ताचा थेंब नाहीं, आवाज चढत नाहीं, तरी छातींत धडकी भरते. शिगुर स्वतःला दैवाचा हस्तक समजतो: मी मारीत नाहीं, नाणें ठरवितें.

आमच्या प्रेक्षकांना पडद्यावरचें नाणें नवें नाहीं. ‘शोले’मध्यें जय प्रत्येक अडचणीच्या वेळीं नाणें उडवितो, आणि तो मेल्यावर वीरूला कळतें कीं त्या नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या. म्हणजे दैव कधीं मध्यें आलेंच नव्हतें. मित्रासाठीं स्वतः मागें राहण्याचा निर्णय जयनें आपला आपण घेतला होता, आणि नाण्याच्या आड लपविला होता. आतां शिगुरचें नाणें पाहा. त्याला दोन बाजू आहेत, तें खोटें नाहीं. तरी तेंहि आड लपण्याचेंच साधन आहे. जय नाण्याआड आपला त्याग लपवितो, शिगुर आपलें क्रौर्य. हें उघड करण्याचें काम चित्रपटानें मॉसच्या तरुण बायकोवर, कार्ला जीनवर सोंपविलें आहे. शिगुर तिच्याहि समोर नाणें धरतो. कादंबरींत ती कौल घेते व हरते. चित्रपटांत ती कौल घ्यावयाचेंच नाकारते. नाण्याला बोलतां येत नाहीं, जें काय करतोस तें तूंच, असें ती त्याला तोंडावर सांगते. सबंध चित्रपटांत शिगुरला कोणी उत्तर दिलें असेल तर तें हिनें. तिला वांचवायला कोणी येत नाहीं. पुढच्या दृश्यांत तो घराबाहेर येऊन बुटांचे तळवे पाहतो, आणि काय झालें तें आपण समजतों. पण तिचें वाक्य खोडलें जात नाहीं. नंतर लगेच चौकांत एक मोटार शिगुरच्या मोटारीवर आदळते व त्याचा हात मोडतो. स्वतःला दैव म्हणविणाऱ्याला कोणीहि न विचारतां दैवाचा एक धक्का बसतो. हें त्या मुलांना समजावून सांगणारें कोणी हवें होतें. सांगितल्यावर त्यांना तें पटलेंहि. त्यांपैकीं एक जण म्हणाला, “म्हणजे खरी डेअरिंग तिची होती.” आम्हांस तेवढें पुष्कळ झालें.

तिसरा आक्षेप काकूंचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मरणाऱ्याच्या मुखांत पाणी घालणें याहून मोठें पुण्य आमच्याकडे मानलेलें नाहीं. शत्रूलाहि तें नाकारूं नये, असें लहानपणापासून शिकविलें जातें. मग जो मध्यरात्रीं पाणी घेऊन जातो त्याच्याच मागें मरण लागावें, हें पाहून कोणत्या गृहिणीचा जीव कळवळणार नाहीं? असा चित्रपट ‘दया करूं नका’ असेंच सांगतो, हा निष्कर्ष तिनें काढला तर तिला दोष देतां येत नाहीं.

तरीहि कथा नीट तपासून पाहिली म्हणजे निराळें दिसतें. पैशांच्या त्या पेटींत नोटांच्या आंत एक संदेश पाठविणारें यंत्र लपविलेलें असतें. त्याच्या साहाय्यानें शिगुर मॉसचा माग काढीत येतो. मॉस पाणी घेऊन गेला नसता, घरीं निजून राहिला असता, तरी तें यंत्र त्याच्या घरांतच होतें. पाण्यामुळें शत्रूंना तो लवकर सांपडला, एवढेंच. त्याला मरणाच्या वाटेवर आणलें तें पेटीनें. आणि त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी, कीं पाणी मागितलें गेलें दिवसा, तें नेलें गेलें रात्रीं. मधल्या वेळांत मॉसनें पैसा उचलला, मोजला, लपविला. दया त्याच्या मनांत होती. पण तिला लोभानंतरची जागा मिळाली. उशीर हा सबंध चित्रपटाचा विषय आहे असें आम्हांस वाटतें. शेरीफला उशीर होतो तो त्याच्या कामाच्या स्वरूपामुळें. मॉसला उशीर होतो तो त्याच्या स्वतःमुळें. चित्रपट दयेची थट्टा करीत नाहीं. दया उशिरा केली तर काय होतें, हें तो निष्ठुरपणें दाखवितो. त्या अपघातानंतर दोन लहान मुलें जखमी शिगुरजवळ येतात. एक मुलगा अंगांतला सदरा त्याला सहज देऊं करतो, पैसे नको म्हणतो. शिगुर आग्रहानें नोट हातांत ठेवतो. आणि तो पाठमोरा होतो न होतो तोंच त्या नोटेंत वांटा कोणाचा यावरून दोघे मित्र भांडूं लागतात. पाणी आणि पेटी यांचीच ही लहान आवृत्ति आहे. हें आम्हीं काकूंना सांगितलें. त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, “मग आधींच पाणी द्यावें, आणि पेटीला हात लावूं नये, एवढें सांगायला इतकीं माणसें मारायला हवीं होतीं का?” याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. हा प्रश्न आम्ही वाचकांपुढेंहि तसाच ठेवतों.

गुणांबरोबर दोषहि सांगितले पाहिजेत. मॉसचें मरण आडपडद्यानें दाखविण्याचें तत्त्व मान्य केलें तरी त्याची मांडणी फार कृपणपणें केली आहे. त्याला कोणीं मारलें हें प्रथम पाहणाऱ्याला कळतच नाहीं. आमच्यांतल्या निम्म्या मंडळींनीं तें शिगुरचेंच काम समजलें, वास्तविक मारेकरी दुसऱ्या टोळीचे होते. संदिग्धता आणि अस्पष्टता एक नव्हेत. दुसरें असें, कीं सीमेपलीकडचीं मेक्सिकन माणसें येथें बहुतेक प्रेतें म्हणून किंवा मारेकरी म्हणूनच येतात. ज्या माणसाच्या तहानेवर कथा फिरते त्याला नांवहि नाहीं. तिसरें, शिगुरला इतकें अचुक व अजिंक्य केलें आहे, कीं कधीं कधीं तो माणूस न राहतां कल्पना होतो, आणि कल्पनेची भीति वाटली तरी ती टिकत नाहीं. याउलट रॉजर डीकिन्स यांचें छायाचित्रण, शब्दांतली काटकसर आणि बेलच्या भूमिकेंत टॉमी ली जोन्स यांचा थकलेला, पण कोठेंहि रडका न होणारा चेहरा, हे गुण मोठ्या दर्जाचे आहेत.

बेलविषयीं एक गैरसमज दूर करणें जरूर आहे. पूर्वींचा काळ चांगला होता, आतां जग बिघडलें, असें रडगाणें हा चित्रपट गातो, असें कित्येकांस वाटतें. बेलला तसें वाटतें हें खरें. पण चित्रपटाला तसें वाटत नाहीं. शेवटाकडे बेल आपल्या पांगळ्या चुलत्याला, एलिसला, भेटतो. तो त्याला १९०९ सालीं घराच्या ओसरीवरच मारल्या गेलेल्या एका पूर्वजाची हकीकत सांगतो. यांत नवें कांहीं नाहीं, हा मुलूख पहिल्यापासूनच माणसांवर कठोर आहे, आणि सारें आपल्याच वेळीं येऊन ठेपलें असें समजणें हा अहंकार आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. आंबवड्यास बसून हें ऐकतांना आम्हांस तें परकें वाटलें नाहीं. याच गांवांत कान्होजी जेधे यांची समाधि आहे. १६५९ सालीं अफझलखान चालून आला तेव्हां आदिलशाही हुकूम बाजूस सारून, वतनावर पाणी सोडून कान्होजींनीं शिवाजीमहाराजांचा पक्ष धरला, हें मुलांनाहि पाठ असतें. पण त्याच जेध्यांच्या करीन्यांत वतनाच्या पायीं भाऊबंदांनीं एकमेकांचे जीव घेतल्याच्या हकीकतीहि आहेत, त्या फारसें कोणी सांगत नाहीं. या खोऱ्यांतील जुना काळ आजच्याहून सोवळा नव्हता. तरी त्याच काळांत एका मनुष्याला वतनाची पेटी खालीं ठेवतां आली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय त्या काळाचें चित्र पुरें होत नाहीं.

आमच्या मराठी प्रेक्षकांस असा शेवट झेपत नाहीं, असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. २०१६ च्या एप्रिलअखेर नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. ज्या प्रेक्षकांनीं ‘झिंगाट’ गाण्याला खुर्च्यांतून उठून नाच केला, तेच प्रेक्षक शेवटच्या दृश्यांत आवाज बंद झाल्यावर, रक्ताचीं पावलें उमटवीत जाणारें तें लहान मूल पाहून, एक शब्द न बोलतां बाहेर पडतांना आम्हीं पाहिले आहेत. तेथेंहि मरण आपल्या डोळ्यांदेखत घडत नाहीं, तेथेंहि हिशेब चुकता होत नाहीं, तेथेंहि संगीत नाहीं. तो शेवट लोकांनीं स्वीकारला, कारण तें दुःख त्यांच्या ओळखीचें होतें. करमाळ्याच्या बाजूची ती वाट त्यांनीं पाहिलेली होती. टेक्सासचा माळ ओळखीचा नाहीं, म्हणून तेथील रिकामेपणा हा प्रथम तंत्राचा दोष वाटतो. फाईल अपुरी आहे असें वाटतें. ओळख पटविणारें कोणी भेटलें म्हणजे तो दोष राहत नाहीं. आमच्या माजघरांत तें काम आबांनीं केलें.

पुलावरून परततांना आम्हीं त्यांना बेलच्या दुसऱ्या स्वप्नाविषयीं विचारलें. त्या स्वप्नांत बेल थंडीच्या रात्रीं घोड्यावरून डोंगरांतून चाललेला असतो. त्याचा मेलेला बाप शिंगांत विस्तव घेऊन त्याच्या पुढें निघून जातो, आणि पुढें कोठेंतरी अंधारांत तो जाळ करून आपली वाट पाहील हें बेलला ठाऊक असतें. इतकें सांगून तो जागा होतो. आबा म्हणाले, “आमच्याकडे काडेपेटी नसायची तेव्हां आई पहांटे शेजारून गोवरीवर विस्तव आणायची. वाऱ्यानें विझूं नये म्हणून पदर धरायची. मी मागें मागें जायचों. तेवढें मला त्या स्वप्नांत कळलें. बाकी तुम्ही शिकलेलीं माणसें सांगा.”

बाकी सांगण्यासारखें आमच्यापाशीं फारसें उरलें नव्हतें. वाचकांना इतकेंच सांगावेंसें वाटतें, कीं हा चित्रपट लहान मुलांना दाखविण्याजोगा नाहीं. त्यांतील रक्तपात व त्याहून त्यांतील थंडपणा त्यांच्या वयाला सोसणारा नव्हे. कॉलेजच्या मुलांनीं तो पाहिलाच असेल किंवा पाहतीलच. त्यांना अडवूं नये, पण त्यांच्या शेजारीं बसावें. आणि मोठ्यांनीं तो पाहावयाचा असेल तर एकट्यानें पाहूं नये. घरांत एखाद्या काकू असाव्यात, शेजारीं एखादे आबा असावेत, आणि दुसऱ्या दिवशीं बोलावयास थोडी सवड असावी.